बसल्या बसल्या मिटणारी खिडकी

२ ऑक्टोबर, दसरा

ही डायरी उज्वलाताईंनी दिली. गेल्या वर्षीची आहे, गॅसवाल्यानं फुकट दिलेली. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. ताई आमच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळतात. म्हणाल्या, "सोमनाथ, आजपासून तू कॉम्प्युटरवर. काय केलंस, काय बिघडलं, रोज लिहीत जा. पुढच्याला उपयोगी पडतं."

मी म्हटलं, "पुढचा कोण?"

ताई नुसत्या हसल्या. ते काही मला आवडलं नाही.

आठवीत शाळा सुटली तेव्हापासून एवढं कधी लिहिलं नाही. पण आजचा दिवस लिहिण्यासारखा आहे. काल संध्याकाळपर्यंत मी लेझरनं कापणाऱ्या मशीनवर पत्रे चढवत होतो. आज खुर्चीवर. आधीचा कॉम्प्युटरवाला चाकणला गेला. जाताना पडद्यावर एका पत्र्यात कापायचे अठ्ठावीस तुकडे बसवत होता. मागं उभा राहून मी म्हटलं, तो तिरका तुकडा उलटा करा, तीस बसतील. तीस बसले. मालक जयरामशेठ दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "दिवाळीपर्यंत बस. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर एक डिप्लोमावाला बघून ठेवलाय, आणि तू परत पत्र्यावर."

परत पत्र्यावर गेलो तर मी राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. चार वर्षांत सात ठिकाणं झाली. निफाडला द्राक्षछाटणी, एकलहऱ्याला ठेकेदाराकडं, मग रसवंती, बॅटरीचं दुकान, आणखी काय काय. भांडण कुठंच झालं नाही. पायांना वाटलं निघावं, निघालो. मशीन चालवणारे रंगनाथमामा मला भिंगरीच म्हणतात.

सकाळी मशीनची पूजा झाली, मग कॉम्प्युटरची. झेंडूचा हार पडद्यावर, कुंकू उंदरावर, म्हणजे माउसवर. शेठचा एक नियम आहे. नव्या गिऱ्हाइकाचा फोल्डर उघडला की त्यात पहिल्यांदा श्री ठेवायचा. म्हणजे गणपतीचा फोटो. नावाआधी दोन शून्यं लावलेली असतात, म्हणून तो सगळ्यांत वर बसतो. कोऱ्या वहीवर आधी श्री लिहितात ना, तसंच. दर दसऱ्याला पूजेचा नवा फोटो काढतात आणि वर्षभर नव्या फोल्डरांत तोच घालतात.

यंदाचा श्री मीच घातला. खुर्चीवरचं माझं पहिलं काम! शेठचा भाचा सुयश पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, त्याच्या कॅमेऱ्यातला फोटो, लय जड. पेन ड्राइव्ह लावला. निळी पट्टी हळूहळू भरत होती, अर्ध्याच्या पुढं गेली, आणि मामांनी बाहेरून हाक मारली, "भिंगरी, पेढे संपले बघ!" ड्राइव्ह उपटला आणि पळालो. ताईंनी विचारलं, "झालं का?" म्हटलं, "झालं."

पेढे खरंच संपले होते.

४ ऑक्टोबर

नव्या गिऱ्हाइकांचे तीन फोल्डर उघडले. तिन्हींत आधी श्री, मग त्यांची ड्रॉइंगं. जुन्या फोल्डरांत श्रीच्या जागी बारीकसा गणपती दिसतो, नव्यांत नुसता करडा चौकोन. ताई म्हणाल्या नवा आहे, येईल हळूहळू.

काम लय आवडलं. तुकडे फिरवायचे, एकमेकांच्या कुशीत बसवायचे, भंगार कमीत कमी. माय भाकरी थापताना उरलेल्या पिठाची पोरांसाठी चानकी, म्हणजे बारकी भाकरी करायची, तसं कोपऱ्यात बारका वॉशर बसवतो. हात एक मिनिट रिकामा नाही.

एकच झालं. चहाला गेलो, परत आलो, तर फोल्डरची खिडकी गायब. बाकी सगळं जागच्या जागी. कुणीतरी बंद केली असेल.

६ ऑक्टोबर, कोजागरी

कुणी बंद केलेली नाही. आज तीनदा झालं. चहाला गेलो, जेवायला गेलो, मामांना पत्र्याची जाडी विचारायला गेलो. दर वेळी परत येतो तो खिडकी नाही. मी बसलेला असताना मात्र एकदाही नाही.

ताईंना बोलावून दाखवलं. मी दहा मिनिटं काम करून दाखवलं, खिडकी मस्त उघडी. ताई म्हणाल्या, "काहीच तर होत नाहीये." त्या गेल्या, मी पाणी पिऊन, जरा पाय मोकळे करून आलो, तर खिडकी गेलेली.

मामा म्हणाले, "तुझ्यासारखीच हे ती. नजर हटली की पळाली."

संध्याकाळी मसाला दूध पिताना सगळ्यांना ही गोष्ट मामांनीच सांगितली, वर नक्कलही केली. मीपण हसलो. आतून हसू आलं नाही.

७ ऑक्टोबर

आज वाईट झालं. नीट लिहितो.

ड्रॉइंग तयार झालं की ते मशीनच्या फोल्डरात पाठवायचं. मोठं असलं तर पाच मिनिटं लागतात. आज एक मोठं पाठवायला लावलं आणि लघवीला गेलो. तेवढ्यात खिडकी मिटली. मला वाटलं पोचलं असेल. मामांनी मशीन चालू केलं. अर्धाच पत्रा कापला आणि मशीन थांबलं. ड्रॉइंग अर्धंच पोचलेलं. मग दुसऱ्यांदा पाठवताना पत्रा जरा हलला, सगळी मापं चुकली. आठ फुटी पत्रा बाद.

मामांनी तो भिंतीला उभा करून ठेवलाय, बरोबर ऑफिसच्या काचेसमोर, मला दिसेल असा. म्हणाले, "देखावा."

शेठ आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. पत्र्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काही उलटसुलट दाबतोस का?"

"नाही शेठ. मी नसतो तेव्हाच होतं."

"नसतोस तेव्हा कोण दाबणार?" शेठ म्हणाले. "वसुबारसेपर्यंत बघ. सतरा तारीख. तोवर ही भानगड थांबली नाही तर डिप्लोमावाल्याला फोन करतो. राग नको धरू."

राग नाही. पण शेठना वाटतं आठवी नापास पोरगं काहीतरी दाबत असणार. मलाही रात्री वाटलं, दाबतो की काय?

८ ऑक्टोबर

सुयशला फोन केला. हा कॉम्प्युटर त्यानंच बसवून दिलाय, फुकटात मिळणारी सिस्टिम टाकून. फोल्डरची खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रामला फाइल मॅनेजर म्हणतात, हे त्याच्याकडून कळलं.

"सोमनाथदादा, काय करताना बंद पडतो?"

"काहीच न करताना."

"असं कसं?"

"तेच तर."

तो म्हणाला, "किती वेळ काही न केल्यावर?" मला काय ठाऊक. मी काही न करता कधी बसलोय? म्हणाला, "तेच बघायला लागेल. खिडकी उघड, उंदराला हात लावू नकोस आणि घड्याळ बघत बस. त्याला कुणी हात लावत नाही तेव्हा तो मागं राहिलेली कामं उरकतो. त्यात कशावर तरी अडखळत असेल."

मागं राहिलेली कामं कोणती, ते विचारायचं राहिलं. त्याला लेक्चर होतं.

९ ऑक्टोबर

बसून बघितलं. नाही जमलं.

पहिल्यांदा दीड मिनिटात उंदीर हलवला, कळलंच नाही. दुसऱ्यांदा पाय हलवत होतो, पाय टेबलाला लागला, टेबलाबरोबर उंदीर हलला. तिसऱ्यांदा तीन मिनिटं झाली आणि माशी बसली पडद्यावर, हात आपोआप गेला. म्हणजे मी समोर असताना खिडकी का मिटत नाही ते आज कळलं. मी तिला निवांत राहूच देत नाही.

मामा काचेतून बघत होते. आत आले. "काय चाललंय?"

"काही नाही करायचं चाललंय."

"तुला नाय जमणार. बैलाला दाव्याला बांधतात तसं बांधू का?"

१० ऑक्टोबर

आज हात मांडीखाली घालून बसलो. दोन्ही. पाय खुर्चीला गुंडाळले. घड्याळ समोर.

दोन मिनिटं. नाक खाजलं. तीन. सगळीकडं खाजायला लागलं. बाहेर मशीनचा आवाज बदलला, मान वळवायची होती, नाही वळवली. चार मिनिटं आणि वीस सेकंद झाली आणि खिडकी माझ्या डोळ्यांदेखत मिटली. आवाज नाही, सूचना नाही. जशी काही नव्हतीच.

मी एवढ्या जोरात ओरडलो की मामांनी मशीनचं लाल बटण दाबलं, त्यांना वाटलं मला शॉक बसला. शिव्या खाल्ल्या. पण मामांना दाखवलं. परत बसलो, मामा शेजारी. चार वीस. मिटली.

"च्यायला," मामा म्हणाले. "हे तर खरं हे."

म्हणजे इतके दिवस त्यांना खोटं वाटत होतं.

११ ऑक्टोबर

मायचा फोन आला. आमचं गाव सटाण्याच्या पुढं, डोंगराला लागून, दोन एसट्या बदलून जावं लागतं. बाकीच्यांच्या आया जेवलास का विचारतात. माझी माय फोन उचलला की पहिल्यांदा विचारते, "आते कोठे शे तू?" आता कुठं आहेस. तिची काय चूक? दोनदा मी तिला न सांगता जागा बदलली आणि ती जुन्या जागी लाडू पाठवत राहिली. रसवंतीवाल्यानं खाल्ले.

म्हटलं, "सातपूर." ती म्हणाली, "अजून?"

मग बंटीचा फोन. बंटी माझा गाववाला, सुरतला असतो. दिवाळीनंतर ये म्हणतो, त्याच्याकडं जागा आहे. काय काम, विचारलं नाही. मी हो म्हटलं. हो म्हणताना बरं वाटलं, फोन ठेवल्यावर नाही वाटलं. का ते कळत नाही. बहुतेक दुपारचं वांग्याचं भरीत जड झालं.

१३ ऑक्टोबर

शोध लागला. अर्धा.

जुन्या गिऱ्हाइकांचे फोल्डर एकेक उघडून हात मांडीखाली घालून बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, काही होत नाही. दसऱ्यानंतरचे पाच फोल्डर आहेत. त्यातला कुठलाही उघडा, चार मिनिटांनी खेळ खलास.

आता पाइपलाइन शोधायची. आमच्या डाळिंबाच्या मळ्यात जमिनीखालचा पाइप फुटला की आबा, म्हणजे माझे वडील, सगळीकडं खणत बसायचे नाहीत. अर्धे व्हॉल्व्ह बंद करायचे. तरी पाणी गळतंय? म्हणजे फुटलंय ते चालू अर्ध्यात. मग त्याचे अर्धे. चार-पाच खेपांत कुदळ बरोबर जागेवर. तसंच करायचं. एका नव्या फोल्डरात चोवीस ड्रॉइंगं आहेत. त्याची नक्कल करतो, बारा इकडं, बारा तिकडं. ज्यात खिडकी मिटेल त्यात रोग.

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?" म्हटलं, "डाळिंबानं."

१४ ऑक्टोबर

काही कळत नाही.

सकाळी दोन नवे फोल्डर केले. दोन्हींत आधी श्री ठेवला, मग बारा-बारा ड्रॉइंगं. पहिला उघडून बसलो, मिटला. सापडलं म्हटलं. खात्रीसाठी दुसरा उघडला. तोही मिटला.

दोन्हीकडं कसं? बरं, दोन्हींत एकेक रोगी असेल. बाराचे सहा-सहा केले, प्रत्येकात श्री. चारही मिटले. सहाचे तीन-तीन केले, प्रत्येकात श्री. आठच्या आठ मिटले.

आज मी एकूण तासाभरापेक्षा जास्त वेळ हात मांडीखाली घालून बसलो. उठलो तर हातांना मुंग्या. मामा जेवताना माझ्या डब्याजवळ येऊन म्हणाले, "भरवू का?"

ताईंना सांगितलं की चोवीसच्या चोवीस ड्रॉइंगं खराब आहेत. त्यांनी गिऱ्हाइकाला फोन केला. गिऱ्हाईक भडकलं, आमच्याकडं सगळी व्यवस्थित उघडतात म्हणालं. ताईंनी तीन वेळा सॉरी म्हटलं, माझ्यामुळं. फोन ठेवून एवढंच म्हणाल्या, "सोमनाथ, परवा सतरा."

परवा नाही, तेरवा. पण मी दुरुस्त केलं नाही.

१५ ऑक्टोबर

एकेक ड्रॉइंग वेगळं केलं. चोवीस फोल्डर, प्रत्येकात एक श्री आणि एक ड्रॉइंग. नऊ तपासले, नऊ मिटले. मग सोडून दिलं.

जेवण झाल्यावर वाटलं, बॅग भरावी. बॅग अशी काही भरायची नसतेच माझी, मी ती कधी पूर्ण रिकामी करत नाही. बंटीला फोन लावला, म्हटलं आधीच येऊ का? तो म्हणाला ये की. मग म्हणाला, "तुला काय झालं? आवाज पडलाय." म्हटलं, एक खिडकी सापडत नाहीये. तो म्हणाला, "इथं खिडक्या लय आहेत."

गेलो असतो. पण तो भिंतीला उभा केलेला पत्रा. मी गेलो तर मामा तो वर्षभर तिथंच ठेवतील आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतील.

१६ ऑक्टोबर

सापडला.

सकाळी ताईंनी एका नव्या गिऱ्हाइकाचा फोल्डर उघडला. त्यांची ड्रॉइंगं दुपारी येणार होती. ताईंनी नियमाप्रमाणं आत श्री ठेवला आणि खिडकी तशीच ठेवून गाडी भरायला गेल्या. मी चहा घेऊन आलो, बसलो, चहा पीत नुसता बघत होतो. काही तपासत नव्हतो. चहा संपायच्या आत खिडकी मिटली.

मी म्हटलं, हा तर रिकामा फोल्डर. आत काहीच नव्हतं.

मग कप ठेवला. काहीच नव्हतं कसं, श्री होता की.

मग एकेक आठवायला लागलं. बारांत श्री. सहांत श्री. तिनांत श्री. चोवीस फोल्डरांत चोवीस श्री. मी स्वतःच्या हातानं प्रत्येक ठिकाणी रोग नेऊन ठेवत होतो, तोही आधी, मनात नमस्कार करून. आबांनी व्हॉल्व्ह बंद करायचे आणि मी मागून फुटका पाइप खांद्यावर घेऊन दर वाफ्यात फिरायचं, असं झालं. पण सुचणार कसं? श्री नसलेला फोल्डर आमच्याकडं फोल्डरच नाही. त्याच्यावर संशय कोण घेणार?

चप्पल काढली. हात जोडले. "माफ करा, जरा वेळ बाहेर थांबा," म्हटलं आणि श्री बाहेर काढला. चोवीसच्या चोवीस ड्रॉइंगं एकत्र ठेवली, हात मांडीखाली घातले. चार वीस गेली. दहा मिनिटं. वीस. पंचेचाळीस मिनिटं मी बसलो आणि खिडकी उघडी.

सुयशला सांगितलं. तो म्हणाला, "तो फोटो उघडून बघ ना." उघडला. वरून गणपतीचा मुकुट, डोळे, सोंड अर्ध्यापर्यंत. त्याच्या खाली सगळं करडं. सुयश म्हणाला, "फाइल मॅनेजर निवांत झाला की फोटोंची बारकी चित्रं करायला घेतो. हा फोटो अर्धाच आहे, तिथं तो अडखळतो आणि पडतो. ही खरं तर प्रोग्रामचीपण चूक आहे, त्यानं पडायला नको. पण फोटो अर्धा कॉपी कुणी केला?"

मी म्हटलं, बघतो.

बघायला कुठं जायचं नव्हतं. ही डायरी उघडली, दोन ऑक्टोबर काढलं. निळी पट्टी, पेढे, उपटला, पळालो, सगळं माझ्याच अक्षरात. वर "झालं का? झालं."

आता काय करू? दोन रस्ते आहेत. मागच्या वर्षीचा श्री सगळ्या नव्या फोल्डरांत गुपचूप टाकायचा. उद्या शेठना सांगायचं, दुरुस्त झालं. कसं झालं ते कुणी विचारणार नाही, यांना काम चालल्याशी मतलब. आणि दोन तारखेचं पान फाडायचं.

पान फाडायला धरलंसुद्धा. पण त्याच पानावर ते तीस तुकड्यांचं लिहिलेलं आहे. ते फाडवेना.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

सकाळी ऑफिसात गेलो तेव्हा शेठ, ताई दोघं होते. मामा दारात टेकून उभे, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डायरी उघडून शेठपुढं ठेवली. "दोन तारीख आणि काल," म्हटलं.

शेठनी चष्मा लावला. मध्ये एकदा ताईंकडं सरकवली, ताईंनी वाचली. दोन तारखेचं पान वाचायला एवढा वेळ लागत नाही. मग कळलं की त्या मधलीपण पानं वाचतायत. मधल्या पानांत काय काय लिहिलंय ते आठवून कान तापले.

शेठ म्हणाले, "निळी पट्टी अर्ध्यावर होती आणि तू पेढ्यासाठी पळालास?"

"हो."

"मिळाला का पेढा?"

"नाही. संपले होते."

मामा मागून म्हणाले, "दोन मी खाल्ले. त्यातला एक याचा होता."

शेठ हसले नाहीत. पान परत वाचलं. "पंचेचाळीस मिनिटं बसला होतास? हालला नाहीस?"

"मी साक्षीला हे," मामा म्हणाले. "मीच काचेतून बघत होतो. मला वाटलं पोरगं गेलं."

"पान का नाही फाडलंस?"

मी तीस तुकड्यांचं सांगितलं. तेव्हा हसले. मोठ्यानं हसले, ताईंकडं बघून. ताई हसल्या नाहीत, त्या माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "पहिल्या पानावर काय लिहिलंयस? 'पुढच्याला' म्हटलं ते आवडलं नाही?"

मी खाली बघितलं.

"अरे, तुला काढतील म्हणून नाही म्हटलं मी. तू निघून जाशील म्हणून म्हटलं. सात ठिकाणं झाली तुझी, आणि त्या बंटीला परवा हो म्हणालास."

शेठ म्हणाले, "बंटी कोण?"

कुणी सांगितलं नाही. मामांनीसुद्धा नाही.

शेठनी चष्मा काढून खिशात ठेवला. "श्री तू बिघडवलास, श्री तूच नवा करायचा. मागच्या वर्षीचा नको, यंदाचा यंदाच. उद्या धनत्रयोदशी आहे, उद्या हवा. आणि यापुढं निळी पट्टी पूर्ण भरेपर्यंत हात मांडीखाली."

"आणि डिप्लोमावाला?"

"त्याला काय सांगू? इथं एका जागी पंचेचाळीस मिनिटं बसून दाखव म्हणू?"

दुपारी सुयशचा फोन आला. हा प्रोग्राम बनवणारे लोक जगात कुठं कुठं बसलेले असतात, त्यांना तो चूक कळवणार आहे. ती कशी घडवून आणायची ते क्रमानं लिहावं लागतं म्हणे, म्हणून माझ्या डायरीतलं विचारून घेत होता. चार मिनिटं वीस सेकंद, हे त्याला फार आवडलं. मी म्हटलं, पेढ्याचं नको लिहू. तो म्हणाला, तेच तर पहिलं कारण आहे.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

फोटो काढायला गणपतीची पूजा परत मांडायची का, यावर ताई आणि मामांचं अर्धा तास चाललं. मला रात्रीच सुचलं होतं. म्हटलं, आपण कापणारे लोक, आपण श्री हे अक्षरच कापू.

ड्रॉइंग मी काढलं. श्री काढायला वाटतो तेवढा सोपा नाही, वळणं लय. पत्रा तोच घेतला, भिंतीला उभा केलेला. त्याच्या चांगल्या कोपऱ्यात श्री बसवला, शेजारच्या जागेत चार वॉशर. मामा म्हणाले, "देवाच्या कुशीतपण वॉशर?" म्हटलं, "भंगार कमी."

मशीनकडं पाठवताना निळी पट्टी शेवटपर्यंत बघितली. मामांनी आतली भोकं आधी कापली, बाहेरची कड शेवटी, नाहीतर तुकडा हलतो. श्री सुटून खाली आला तो गरम होता. धीर धरवला नाही, उचलला आणि बोट भाजलं. ताईंनी हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला. मी फोटो काढला. पेन ड्राइव्ह लावला, पट्टी भरली, तरी मनात दहा आकडे मोजले, मग काढला. नव्या फोल्डरांतला अर्धा श्री काढून हा एकेक करून ठेवला. उरलेल्या पत्र्याचा तुकडा मामांनी भंगारात टाकला. भिंत एकदम मोकळी दिसायला लागली.

शेठ म्हणाले, "चालतो का बघ."

बघायचं म्हणजे बसायचं. एक फोल्डर उघडला. करडा चौकोन होता, पण तेवढ्यानं काय. हात मांडीखाली घातले. आता ते आपोआपच जातात. बाहेर मामांनी मशीन बंद केलं होतं, पणत्या लावायची घाई. चार मिनिटं झाली. चार वीस. करडा चौकोन जरा थरथरला आणि तिथं बारीकसा श्री आला, हळदीसकट. खिडकी उघडीच. तरी शेठनी सांगितलंय तासभर बघ, म्हणून बसलो. बंटीला काय सांगायचं याचा विचार करत होतो. मग विचार करायचा राहिला. श्रीकडं बघत होतो, दुसऱ्या वळणाला जरा जाड झालाय, पुढच्या दसऱ्याला बारीक करीन.

पस्तिसाव्या मिनिटाला फोन वाजला. उचलायला हात काढावा लागणार, टेबल हलणार. मामांना हाक मारली, त्यांनी फोन उचलून माझ्या कानाला लावला आणि तसाच धरून उभे राहिले.

"आते कोठे शे तू?" माय म्हणाली.

"आठेच शे," मी म्हटलं. इथंच आहे. "लाडू धाडी दे."